तंजावरच्या काकूंना आपण हसलो

यंदाच्या गणपती अंकासाठी मंडळाने माझ्याकडे तंजावरवर लेख मागितला. बृहदीश्वराचं देऊळ, राजवाडा, जुन्या पोथ्यांचं ग्रंथालय, मान डोलावणाऱ्या बाहुल्या, सोबत चार फोटो. दरवर्षी तंजावरच्या स्लाइड्स मीच दाखवतो, म्हणून लेखही मीच लिहायचा. लिहायला बसलो. 'तमिळ मुलखातलं आपलं मराठी राज्य' एवढं टाइप केलं. ते पुसलं. आता जे आहे ते लिहितो. छापायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

मी तंजावरात दोन दिवस राहिलोय, बस. ते देऊळ चोळांचं, हजार वर्षांचं. लोक मान मागे टाकून शिखर बघत होते, आणि मी भिंतीशी वाकून मराठी शिलालेख शोधत होतो. सापडल्यावर त्याच्यासमोर सेल्फी काढला आणि बायकोला म्हणालो, "बघितलंस? इथेसुद्धा आपण!"

"मी नंदी बघत होते," ती म्हणाली.

शिखर मी पुढे घरी येऊन फोटोतच नीट पाहिलं. तरी इथे आयर्लंडात, स्वोर्ड्सच्या हॉलमध्ये दरवर्षी छाती काढून सांगतो, "आपण तिथे राज्य केलं." मग "सांबारसुद्धा आपलंच बरं का!" त्यावर टाळ्या ठरलेल्या. आमच्या कॉलनीची साधी मीटिंग मला कधी चालवता आली नाही, आणि म्हणे आपण राज्य केलं. शी!

आमच्याच गल्लीत एक कुटुंब राहतं. नवरा आयटीत, बायको ब्युमॉन्ट हॉस्पिटलात नर्स. आडनाव मराठी, माणसं तंजावरची. पूर्वज त्या राज्याबरोबर खाली गेले आणि तिथलेच झाले. दाराबाहेर तमिळ, दाराआत मराठी. पण तिकडची, जुन्या शब्दांची, तमिळ हेलाची. गेल्या उन्हाळ्यात नवऱ्याची आई इथे राहायला आली. मी त्यांना काकू म्हणायचो.

पहिल्यांदा गेलो तेव्हा दार उघडून म्हणाल्या, "ये बा, बैस. जेवलास की नाही?" आणि उत्तराची वाट न बघता पालकाची आंबट भाजी वाढली. मी जेवताना त्या समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"पुण्यात अशीच करतात का रे?"

"साधारण अशीच, काकू."

"मी पुणं पाहिलंच नाही. तिकडचा म्हणून तूच पहिला." मग जरा थांबून, "माझं बोलणं कळतं ना तुला?"

"कळतं की!" मी म्हणालो. कळतच होतं. सगळं कळत होतं.

त्यांची नात आठ वर्षांची. आपल्या सगळ्यांच्या पोरांसारखीच. घरातलं मराठी समजायचं, उत्तर मात्र आयरिश इंग्लिशमध्ये. काकू आल्यावर ती हळूहळू बोलायला लागली. एका सकाळी तिचा बाप कचऱ्याचा बिन रस्त्यावर आणता आणता मला म्हणाला, "काल आजीकडे तिनं आमच्या मराठीत भाजी मागितली. मी तर धरून चाललो होतो, ही भाषा आमच्या घरात माझ्याबरोबर संपणार." डोळे पुसत होता. मी त्याचा खांदा थोपटला आणि त्याच क्षणी डोक्यात काय आलं? माझ्या स्लाइड्स. या वर्षी जिवंत तंजावर दाखवू.

गणपतीच्या कार्यक्रमात बोला, असा मीच आग्रह केला. काकू नको म्हणत होत्या. "घरचीच माणसं आहेत, काकू. आंबट भाजी कशी करायची तेवढं सांगा." घरची माणसं म्हटल्यावर त्यांनी पेटीतली रेशमी साडी काढली. नात परकर-पोलकं घालून पहिल्या रांगेत बसली. आजीनंतर तिनेही वर येऊन दोन वाक्यं बोलायची, असं त्या दोघींचं ठरलं होतं.

काकूंनी सुरुवात केली. चिंचेचा कोळ, मग डाळ, मग बोटांच्या चिमटीत दाखवून उलीसा गूळ. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. माझ्या हातात दुसरा माईक होता. मी म्हणालो, "काकू, सबटायटल्स लावू का?"

हॉल हशाने फुटला.

मी चारचौघांत तोंड न उघडणारा माणूस. ऑफिसात माझे विनोद पडतात. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा भरलेला हॉल माझ्यासाठी हसत होता. मग मी थांबलो नाही. त्यांचं प्रत्येक वाक्य त्यांच्याच हेलात परत म्हटलं. "हे मराठी तीनशे वर्षं फ्रीजरमध्ये होतं मंडळी, जरा गरम करून घ्या!" काकूही हसत होत्या. त्यांना वाटलं, लोकांना भाजी आवडली.

पहिल्या रांगेतून नात उठली. स्टेजच्या कडेला येऊन आजीचा पदर ओढत म्हणाली, "स्टॉप इट, आजी. दे आर लाफिंग अ‍ॅट यू."

काकूंचं इंग्लिश बेताचं, पण तेवढं त्यांना कळलं. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, नुसतं. त्या खाली उतरल्या. नात वर आली नाही. मी पुढची स्लाइड लावली.

गाडीत बायको म्हणाली, "तुला कळत होतं."

"काय?"

"त्यांना काय चाललंय ते कळत नाहीये, हे. आणि तरी तू बोलत राहिलास."

मी म्हणालो, तू उगाच काहीही बोलतेस. घरी गेल्यावर त्या कार्यक्रमाची क्लिप मीच ग्रुपवर टाकली, वर हसरे चेहरे. तुम्ही ती पाहिलीत, पुढे पाठवलीत. आता ती माझ्याकडे भलत्याच ग्रुपांतून परत येते. तिच्यात काकूंच्या आवाजावर माझं ते घशातलं, ओलं हसू ऐकू येतं. मला त्या आवाजाची शिसारी येते, आणि तो आवाज रोज माझ्याच तोंडात असतो.

माफी मागायला मी लगेच गेलो नाही. लाज वाटत होती, असं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे ते विसरतील असं वाटत होतं. काकू परत निघायच्या आदल्या रविवारी गेलो. त्यांनीच दार उघडलं.

"कम. सिट. टी?"

मी मराठीत बोललो. चुकलो म्हणालो, पाया पडलो. त्यांनी मला उठवलं. "नो प्रॉब्लेम. यू गुड मॅन." एकेक शब्द शोधून, जपून. टेबलाशी नात चित्र रंगवत होती. काकूंनी तिलाही विचारलं, "मिल्क? बिस्किट?"

"आय'म ग्रँड," ती मान वर न करता म्हणाली. 'नको'ला इथे असंच म्हणतात.

काकूंचा मुलगा मला गेटपर्यंत सोडायला आला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "आई माझ्याशी आता तमिळच बोलते. मी मराठीत बोललो की आधी खिडकीकडे बघते." मग म्हणाला, "तमिळ कार्यक्रमालाही बोलावलं होतं तिला. ती म्हणाली, नको, आधी आपल्या माणसांत जाऊ."

मी गेटाची कडी काढली. घरी जायला निघालो, तर मागून त्याने हाक मारली.

"ती क्लिप तेवढी काढता येईल का? मुलीच्या शाळेतल्या मराठी मुलांकडेही आहे."

मी हो म्हणालो. ग्रुपवरून माझी मी काढली. तुमच्याकडची तुम्ही काढा. तंजावरचे फोटो मी पाठवणार नाही.