न उघडणारं दार

माझे वडील अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करायचे. नारळातून केस कसे निघतात, हातातून भस्म कसं पडतं, हे ते गावोगाव करून दाखवायचे आणि मी त्यांची सामानाची पेटी सांभाळायचे. त्यामुळे भूत, भास, संकेत... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. पण हे कुणाकडून ऐकलेलं नाही, मी स्वतः पाहिलेलं आहे, म्हणून लिहितेय.

मी चंद्रपूरला राहते. कॉम्प्युटरवर थ्री-डी मॉडेल्स बनवते. मोहर्लीच्या बाजूला एक पुनर्वसित गाव आहे – नाव सांगत नाही. त्यांचं जुनं गाव आत जंगलात होतं. वाघांसाठी ते उठवलं आणि लोकांना बाहेर सडकेला लागून प्लॉट दिले. आमच्या लहानशा कंपनीला काम मिळालं ते असं की, नव्या गावातल्या शाळेच्या मैदानात टॅब समोर धरला की स्क्रीनवर त्याच मैदानात जुनं गाव उभं राहावं. खऱ्या मापाचं. तुम्ही चालाल तशी घरं जवळ येत जावीत, मागे पडत जावीत. ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात ती हीच.

घरं सगळी मी बनवली. जुने फोटो होते थोडे, बाकी म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेलं. घरं फक्त बाहेरून होती बरं का! आत काही नाही, पोकळ डबे. दारं म्हणजे भिंतीवर चिकटवलेली चित्रं. माणूस किंवा जनावर तर आम्ही एकही टाकलं नव्हतं.

सगळ्यात जास्त माहिती दिली मैनाबाईंनी. गोंड म्हातारी, बारीक अंगाची, कमी बोलणारी. जुनं गाव उठलं तेव्हा सगळ्यात शेवटी निघालेल्या त्या. त्यांची आठ-नऊ वर्षांची लेक, मंगली, खूप वर्षांपूर्वी मोहफुलं वेचायला गेली आणि परत आलीच नाही. टोपली नाही, कपडा नाही, काहीच सापडलं नाही. गाव म्हणालं, वाघानं नेली. त्यांच्यात मेलेल्या माणसाच्या नावानं दगड उभा करतात. मैनाबाईंनी तो कधी करू दिला नाही.

"ते वापस आली, अन् इथी कोणीच नाई दिसलं तं? ते मले कुठी पाहीन?" गाव सोडताना त्या एवढंच म्हणाल्या होत्या, असं त्यांच्या सुनेनं मला सांगितलं.

चाचणीच्या दिवशी सकाळी मी टॅब त्यांच्या हातात दिला. शाळेला सुट्टी होती, मैदान रिकामं. ऊन चांगलंच वर आलं होतं. त्या हळूहळू चालत होत्या, मी खांद्याला खांदा लावून. आपलं घर दिसलं तशा थांबल्या.

मग म्हणाल्या, "ते कोण येऊन राह्यली?"

मी स्क्रीनवर पाहिलं. गल्लीच्या टोकाकडून एक मुलगी येत होती. डोक्यावर टोपली, एक हात वर टोपलीला. मी टॅबवरून नजर काढली. समोर नुसतं मैदान, तापलेली माती. परत स्क्रीनवर पाहिलं... मुलगी होतीच. मधल्या घरामागे ती झाकली गेली आणि पलीकडून निघाली. म्हणजे ती मैदानात नव्हती. मी बनवलेल्या गावात होती.

मैनाबाईंनी टॅब डोळ्यांजवळ ओढला. मी खालून टॅब धरला.

ती घरापाशी आली. टोपली उतरवून कमरेवर घेतली. आणि दार उघडलं.

ते दार उघडू शकत नव्हतं हो! ते चित्र होतं. पण उघडलं, आणि आत काळोख दिसला, त्यात चुलीचा लालसर उजेड. ती वाकून आत गेली. दार लागलं.

मैनाबाईंनी टॅब माझ्या हातात दिला, पदरानं तोंड पुसलं.

"पोचली घरी," एवढंच म्हणाल्या.

ऑफिसला येऊन मी सगळ्या फाइल्स उघडून पाहिल्या. मुलगी नाही. घर आतून पोकळ. दार म्हणजे चित्रच. "ग्राफिक्सचा ग्लिच असेल, झोप काढ," असं माझे साहेब म्हणाले. टोपली उतरवणारा ग्लिच मी तरी अजून पाहिलेला नाही.

काही आठवड्यांनी सुनेचा फोन आला. मैनाबाई दगड उभा करायला तयार झाल्या होत्या, आणि मी यावं असा त्यांचा हट्ट होता.

मी गेले. गाव जमलं होतं. पूजा करणारे भूमक, गावातले सगळ्यात वयस्कर, दगडाशेजारी बसले होते. त्यांनी विचारलं, "इतकी वर्षं नाई म्हणत होती तू. आता काऊन?"

"लेक घरी आली. म्या डोळ्यानं पाह्यलं," मैनाबाई म्हणाल्या. "अन् या बाईनंही पाह्यलं. विचारा तिले."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. भूमक म्हणाले, "सांग बाई. पाह्यलं का?"

मला बाबा आठवले. ते असते तर म्हणाले असते, सिद्ध झाल्याशिवाय हो म्हणायचं नाही. सिद्ध करायला माझ्याकडे काहीच नव्हतं. टॅबवर त्या दिवसाचं रेकॉर्डिंगही नव्हतं. पण जे दिसलं ते दिसलं होतं.

"हो," मी म्हणाले. "आत गेली. दार लावून घेतलं तिनं."

भूमकांनी मान डोलावली. दोघा-तिघांनी दगड उचलून खड्ड्यात उभा केला. मैनाबाईंनी त्याच्या पायाशी मूठभर मोहफुलं ठेवली आणि पहिल्यांदाच, सगळ्यांसमोर, मोठ्यानं रडल्या. कुणी त्यांना गप्प केलं नाही.

ते ॲप आता तिथं चालू आहे. शाळेतली पोरं, सफारीला आलेली माणसं, सगळेच बघतात. त्यांना फक्त घरं दिसतात. मीही नंतर अनेकदा पाहिलं... फक्त घरं. काय झालं असेल, कसं झालं असेल, मला आजतागायत कळलेलं नाही. कुणी समजावलं तर ऐकेन. पण पुन्हा कुणी विचारलं, पाह्यलं का... तर मी हो म्हणेन.