लव्हेंडरचं बी आणि घड्याळकाका

माझ्या सासऱ्यांनी एकेचाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. सगळा रस्ता त्यांना घड्याळकाका म्हणायचा. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, आणि केसाहून बारीक स्प्रिंग पकडताना श्वास रोखून धरायची सवय. ती इतकी अंगात मुरलेली, की जेवतानाही ते मधेच श्वास रोखायचे. मग सासूबाई म्हणायच्या, "अहो, घास आहे तो. गिळा."

मग उजवा हात थरथरायला लागला. आधी त्यांनी लपवलं. एके दिवशी एका बाईंच्या आईची आठवण असलेल्या घड्याळाचा काटा त्यांच्या हातून मोडला. बाई काहीच बोलल्या नाहीत, आणि नेमकं तेच त्यांना लागलं. त्याच आठवड्यात त्यांनी दुकान बंद केलं. अवजारांची पेटी घरी आली आणि कपाटाखाली गेली. त्यानंतर काहीही विचारलं की उत्तर एकच, "हं."

लव्हेंडरच्या बियांचं पाकीट मी आणलं. वाटलं, हाताला काम मिळेल, घराला वास येईल. कुठून दुर्बुद्धी झाली कोण जाणे.

पहिल्या दिवशी मात्र पेटी कपाटाखालून बाहेर आली. चिमट्याने एकेक बी उचलून त्यांनी कुंडीत लावलं, आठ ओळी, ओळीत पाच. बी मोहरीपेक्षाही बारीक. निम्म्या बिया फरशीवर घरंगळायच्या, ते पुन्हा वाकून शोधायचे. आम्ही दोघी स्वयंपाकघरातून बघत नसल्यासारख्या बघत होतो. सकाळ त्यातच गेली. मग बोटाच्या पेराएवढी माती वर टाकून ती छान दाबली, आणि रोज सातच्या ठोक्याला पाणी.

महिना झाला. कुंडीत ढिम्म काही नाही.

शेवटी मी पाकिटाची मागची बाजू वाचली. त्यांनी ती पाहिलीच नव्हती. घड्याळाबरोबर येणारा कागदही त्यांनी आयुष्यात कधी वाचला नव्हता. "बी मातीने झाकू नये," मी मोठ्याने वाचलं. "उगवायला उजेड लागतो. पेरण्याआधी ओल्या कागदात तीन ते चार आठवडे फ्रिजमध्ये ठेवावं."

"हे आता सांगतेस?"

"पाकीट तुमच्याकडेच होतं, बाबा."

"अक्षरं काय मुंग्यांनी वाचायची आहेत?" असं म्हणून ते उठून गेले.

दुसरं पाकीट आणलं. बियांचा डबा फ्रिजमध्ये गेला. "भाजीला जागा नाही, आणि बिया थंड हवेला!" सासूबाई रोज म्हणायच्या. चार आठवड्यांनी सासऱ्यांनी एका तबकात थोड्या बिया मातीवर नुसत्या टेकवल्या, वर प्लास्टिकचं झाकण ठेवलं. काही पुढच्या वेळेसाठी पाकिटातच राखल्या होत्या. बाराव्या दिवशी पाच हिरवे ठिपके दिसले. मला ऑफिसात त्यांचा फोन आला, "पाच उगवलीत, मोजून पाच, संध्याकाळी लवकर ये." इतकं मोठं वाक्य मी कित्येक महिन्यांनी त्यांच्या तोंडून ऐकलं.

मग लाड सुरू झाले. दर दोन तासांनी पाण्याचा फवारा. थंडी लागेल म्हणून झाकण काढायचं नाही. आठवड्याच्या आत रोपांचे देठ मातीपाशी काळे पडले, आणि चार रोपांनी एकापाठोपाठ मान टाकली. एक तेवढं कोपऱ्यात तगलं. ते त्यांनी वेगळ्या कुंडीत लावलं, आणि ते मात्र जोरात वाढलं. दोन महिन्यांत वीतभर. पान चुरगळून ते आमच्या नाकापाशी धरायचे. "येतोय ना वास?"

"येतोय की," सासूबाई म्हणायच्या. मीही मान डोलवायचे. वास काडीचा येत नव्हता.

एका रविवारी सार्वजनिक बागेतला माळी आला. त्याचं गजराचं घड्याळ एकदा काकांनी फुकट दुरुस्त केलं होतं, म्हणून त्याचा जीव होता त्यांच्यावर. कुंडी पाहून तो हसला. "काका, तण कशाला जपताय? हे मी रोज पोतंभर उपटतो." मग आमचे चेहरे पाहून गप्प झाला. "मातीतून आलं असेल," एवढं पुटपुटला आणि चहा अर्धा टाकून निघाला.

सासरे माझ्याकडे वळले. "तू म्हणालीस, वास येतो."

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून, बाबा."

"मला बरं वाटायला नकोय! खरं हवंय! हाताचंही तुम्ही हेच केलंत. थकवा आहे, झोप झाली नसेल, थंडी आहे. किती महिने ऐकतोय मी हे! मी काय लहान मूल आहे?"

मला तोंड वर करवेना. सासूबाईंनी मात्र हातातलं फडकं टेबलावर आपटलं. "खरं हवंय? मग ऐका. हात थरथरतो आणि तो थांबणार नाही. डॉक्टरांनी तुमच्या तोंडावर सांगितलं होतं, तुम्हीच ते कानाआड केलंत. आणि ती रोपं तुम्ही बुडवून मारलीत. मी कितीदा म्हटलं, पाणी पुरे. पण सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी!"

सासऱ्यांनी कुंडी जवळ ओढून तणाकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "पालथ्या घड्यावरचं पाणी निदान वाहून तरी जातं."

सासूबाईंना हसू आलं आणि त्याचाच त्यांना राग आला. तण त्यांनीच उपटून टाकलं.

राखून ठेवलेल्या नऊ बिया तेवढ्या उरल्या होत्या. पुन्हा डबा, पुन्हा चार आठवडे. या वेळी मात्र ते सासूबाईंना म्हणाले, "तू लाव. मी सांगतो." काडीचं टोक ओलं करून त्या एकेक बी उचलू लागल्या.

"तिकडे नको. केसभर डावीकडे."

"केसभर म्हणजे किती?"

"एवढं कळत नाही?"

नऊ बिया लावताना त्या दोनदा उठून गेल्या, दोनदा परत आल्या. पाणी द्यायचं काम माझ्याकडे आलं, आणि माती कोरडी झाल्याशिवाय फवाऱ्याच्या बाटलीला कुणी हात लावायचा नाही, असं सासूबाईंनी बजावलं. चार बिया उगवल्या. एक रोप कोलमडलं, तीन राहिली.

आता ती रोपं आठ महिन्यांची झाली आहेत. पान चुरगळलं की खरोखर वास येतो. सासऱ्यांची खात्री पटावी म्हणून आम्हाला वेगवेगळं बोलावून विचारण्यात आलं. फूल मात्र नाही. पहिल्या वर्षी बहुधा येतच नाही, असं मी कुठेतरी वाचलं आणि त्यांना सांगितलं, कारण आता खरं तेच सांगायचं ठरलंय. त्यांनी कपाळावर हात मारला. "इतक्या वेळात मी गावातली सगळी घड्याळं उघडून बंद केली असती!" समोरच्या बाईंनी परवा रोपवाटिकेतून जांभळ्या फुलांनी लदबदलेलं झाड आणून खिडकीत ठेवलं. तेव्हापासून सासऱ्यांची सकाळ ते बघूनच बिघडते.

आणि काल त्या तीन रोपांतलं एक वाळलं. पाणी बेताचं होतं, उजेडही होता. सासऱ्यांनी ते उपटलं, भिंग लावून मुळं पाहिली. थरथरत्या हाताला डाव्या हाताने आधार दिला, आमच्यासमोर, न लपवता. काही सापडलं नाही. रोप कचऱ्यात फेकून ते माझ्यावर खेकसले, "उद्या येताना पाकीट आण. दोन आण. आणि मागचं सगळं मला आधी वाचून दाखव."