बा मुसोंडांचे बारा रंग

बा मुसोंडा (बा हे आमच्याकडे आदराने लावतात) चोवीस वर्षं इंटरनेटच्या काचेच्या तारा जोडत आले आणि मी तेरा वर्षं त्यांच्या हाताखाली. ते बेम्बा, मी न्गोनी. आमच्या दोन जमातींना एकमेकांची टर उडवायची मुभा आहे, मयताच्या घरीसुद्धा. त्यामुळे मी त्यांना माकडखाऊ म्हणतो आणि ते मला उंदीरखाऊ. कुणी मनाला लावून घेत नाही.

गेल्या वर्षापासून त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. हात पूर्वीसारखेच पक्के, पण रंग कळेनात. निळा-जांभळा एक, पांढरा-पिवळा एक. आणि आमचं सगळं काम रंगांवर. केबलमध्ये केसाएवढे बारा तंतू, बारा रंगांचे. प्रत्येकाला त्याच रंगाचं पिगटेल जोडायचं, म्हणजे टोकाला तयार कनेक्टर असलेला तुकडा. एक चुकलं की एकाची लाइन दुसऱ्याकडे. कंपनीला कळलं असतं तर बा दुसऱ्या दिवशी घरी बसले असते.

मग मी पिगटेलं ठरल्या क्रमाने मांडून ठेवू लागलो आणि टर उडवता उडवता तंतूचा रंग सांगू लागलो. रंग कळला की ते मोजून पिगटेल उचलत.

त्या मंगळवारी न्दोला शहरातल्या एका दवाखान्याची केबल पुन्हा तुटली होती. कुणीतरी तांब्याच्या आशेने खणली आणि काच निघाली म्हणून तशीच टाकून गेला. वर्षातली ही तिसरी खेप. जीव अगदी विटला होता. त्यात नव्या इंजिनिअर मुटिंटा मॅडम सकाळपासून डोक्यावर उभ्या.

"हिरव्या कनेक्टरची पिगटेलं नकोत रे," बा म्हणाले. "त्यांचं टोक तिरकं. या जोडपेटीत सरळ टोकाची लागतात, नाहीतर प्रकाश वाटेतच सांडेल."

मी निळ्या कनेक्टरची, बारा रंगांची बारा क्रमाने मांडली. त्यांनी पहिला तंतू चिमटीत धरला.

"बा, तुमच्या माकडाने लग्नात जांभळा कोट घातला होता म्हणे?"

त्यांनी मोजून दहावं, जांभळं पिगटेल उचललं. "आणि उंदराने काय घातलं होतं?"

"गरीब बिचारा. पांढरं बनियन."

पुढच्या तंतूला सहावं, पांढरं. मॅडम हसत होत्या. मला मात्र हसू येत नव्हतं.

दुपारी तपासणी झाली. बाराही जोड चोख निघाले.

"असे हात मी पाहिले नाहीत," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या महिन्यापासून नव्या लोकांना तुम्हीच शिकवा."

बांनी चिमटा पुसून खाली ठेवला. मग म्हणाले, "मला रंग दिसत नाहीत, मॅडम. वर्ष झालं. हा सांगतो."

"माकडखाऊंचं काय ऐकता, मॅडम," मी घाईघाईने म्हणालो. "हे काहीही बोलतात."

"पुरे, जेरे," बा म्हणाले. "थकलो मी."

तेरा वर्षांत त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नव्हती. मी खाली बसून उरलेली पिगटेलं गुंडाळू लागलो.