डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं

परवा दवाखान्यात स्पिरिटचा वास आला आणि गंगावेशीतल्या दवाखान्यातला तो जुना जळफळाट आठवला. आम्ही दोघी जावा औषधासाठी रिकाम्या बाटल्या घेऊन घरच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. माझी जीभ बघून त्यांनी चिठ्ठी खरडली. "पित्त हाय. तिखट कमी करा. या आता." मान वरसुद्धा केली नाही. मग जावेचं पोट दाबून बघितलं आणि पेन खाली ठेवलं. "वैनी, म्हस किती दूध देतीया? थोरली कितवीला हाय?" घरची म्हैस एकच, धार मी काढायची, आणि विचारपूस हिची! बाहेर कंपाउंडरनं माझ्या बाटलीवर डोसाची कागदी पट्टी चिकटवली, तरी आत दोघांचं हसणं चाललेलंच. घरी येईपर्यंत मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. त्याच वर्षी दिवाळीआधी ती गेली. औषधाचा उपयोग नाही, हे डॉक्टरांना त्या दिवशीच कळलं होतं. परवाच्या डॉक्टरांनी माझा रिपोर्ट दोनदा वाचला, पेन खाली ठेवलं आणि हसून विचारलं, "आजी, नातवंडं किती तुम्हाला?"