सासूबाईंचा खराटा आणि माझ्या बटा

मैत्रिणींनो, आज सासूबाईंनी मला माझंच काम शिकवलं!

मी शेलूला घरूनच नवरीचे केस करते. खोट्या केसांची पट्टी आणून तिच्या बटा कापते आणि टोकाला गोंद लावते. गेल्या लग्नात नवरीच्या शालूवर केस गळले, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्या पळसदरीची नवरी आहे. सकाळपासून नव्या बटा करतेय, तरी कंगवा फिरवला की केस हातात!

शेजारी सासूबाई हिरांचा खराटा बांधत होत्या. म्हणाल्या, "आधी कापतेस नि मंग चिकटवतेस? आमी आधी घट्ट बांधतो, मंग टोकं छाटतो. नायतर हीर सुटनारच गं."

मी पट्टीवरच गोंदाची रेघ ओढली, पूर्ण वाळू दिली आणि मग त्या रेघेवरच कापलं. कंगवा फिरवला, ओढून पाहिलं. एकही केस सुटला नाही!

म्हटलं, "आई, बोला, काय देऊ?"

त्यांनी आपला सुपारीएवढा अंबाडा चाचपला. "तुझ्याकडं पांढरी बट नाय का गं?"

माझ्याकडे सगळ्या काळ्याच. पांढऱ्या केसांची पट्टी कुठे मिळते, कुणी सांगाल का?