एका पाकिटावरचे हजार मार्क

छापखान्यात एकतीस वर्षे खिळे जुळवून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना सहकारी 'भिंग' म्हणत. त्यांच्या संग्रहाचा विषय एकच: १९२३ सालची जर्मन मदत-तिकिटे. पैशाचे मोल दिवसागणिक ढासळत असताना तेथील टपालखात्याने जुन्याच तिकिटांवर जादा मजकूर छापून संकटग्रस्तांसाठी निधी मागितला होता. त्यांतल्या एकावर वीस मार्क टपालाचे आणि हजार मदतीचे. कोरी तिकिटे मुबलक आहेत. टपालातून खरोखर गेलेली दुर्मिळ, म्हणून खोट्या शिक्क्यांचा सुळसुळाट. भिंगांना मात्र एवढेच जाणून घ्यायचे होते, की त्या दिवसांत खरेच कोणी हे हजार मार्क दिले का.

त्या सकाळी व्यापाऱ्याने तपासणीसाठी तीन दिवसांपुरते तेच तिकीट लावलेले एक पाकीट पाठवले. पत्नीने सवयीने कोमट पाण्याचे भांडे पुढ्यात ठेवले.

"अहो, पाणी निवतंय. सोडा की ते तिकीट."

"हात लावू नकोस! पुरावा धुऊन जाईल."

"आणि इतकी वर्षं भिजवलीत ती? तेव्हा पुरावा पोहायला जात होता वाटतं!"

उमेदीत अशी दोन तिकिटे भिंगांनी स्वतःच पाकिटांवरून सोडवली होती. त्यांचे शिक्के खरे होते का, हे आता कोणालाही सांगता येणार नव्हते.

डोळ्याला भिंग लावून ते वाकले. शिक्क्याचे वर्तुळ जादा मजकुरावरून, तिकिटाच्या दातेरी कडेवरून, तसूभरही न सरकता पाकिटाच्या कागदावर उतरले होते. शेजारच्या साध्या तिकिटावर तोच शिक्का पुन्हा होता, आणि दोन्हींत एकच अक्षर एकाच जागी तुटलेले. झिजलेला खिळा प्रत्येक छापात तीच खोट उमटवतो; नंतर मारलेल्या खोट्या शिक्क्यात ती नेमकी जुळत नाही. खिळ्यांत हयात घालवलेल्याला आणखी साक्ष नको होती.

"खरं आहे," ते हलकेच म्हणाले.

"टपालाच्या पन्नासपट? असेल कोणी धनवान."

त्यांनी पाकीट उलटले, शब्दकोश उघडला. पाठवणारी शिवणकाम करणारी होती. राहायला मागच्या, स्वस्त भाड्याच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर.

"हजारांत तेव्हा येत काय होतं?"

"दोन-तीन पाव. आठवड्याने तेवढेही नाहीत."

"घरात लागले असते हो ते."

पत्नीने ओले हात कोरडे केले आणि आयुष्यात प्रथमच त्यांच्या हातचे भिंग मागून घेतले. बराच वेळ ती पाहत राहिली.

"नाव काय हिचं?"

त्यांनी ते परके नाव अडखळत वाचले. तिने ते तसेच अडखळत उच्चारले, आणि पुढे आपसूक 'ताई' जोडले.