उडालेले पत्रे आणि सारवलेलं अंगण

वळवाच्या वाऱ्यानं कुंभारीतल्या आमच्या स्वयंपाकघराचे पाच पत्रे उचकटून अंगणात आपटले, तेव्हा खरं सांगते, मला आधी आनंदाच्या उकळ्याच फुटल्या. घराचा विमा मी काढला होता. ‘चांगल्या घराला अपशकुन कशाला?’ म्हणून सासूबाईंनी तेव्हा आठवडाभर तोंड फुगवलं होतं. आता बघा म्हणावं! विमा मिळाला तर पावसाळ्याआधी नवं छप्पर, नाही मिळाला तर चार महिने ताडपत्रीखाली स्वयंपाक.

विमा कंपनीच्या पाहणीच्या साहेबांनी फोनवर बजावलं होतं, ‘काही हलवू नका, उद्या अकराला येतो.’ मी दवाखान्यात रात्रीच्या ड्यूटीवर जायच्या घाईत होते. सासूबाईंना एवढंच सांगितलं, ‘उद्या साहेब येणार आहेत.’

सकाळी ड्यूटीवरून आले तर अंगण सारवलेलं, वर रांगोळी. पत्रे गायब!

‘पत्रे कुठं गेले?’

‘भंगारवाल्याला दिले की. पावण्यापुढं उकिरडा ठिवायचा व्हय?’ बदल्यात मिळालेला निळा टब त्यांनी कौतुकानं दाखवला.

माझा पारा असा चढला! सासूबाईंना टबासकट स्कूटीवर बसवलं आणि सुटले. त्या मागून ओरडत होत्या, ‘हाण, जोरात हाण!’ सोलापूर रस्त्यावर चहाच्या टपरीपाशी भंगारवाल्याचा टेम्पो दिसला आणि मी चालत्या गाडीवरच किंचाळले. माणूस भला. टब परत घेतला, पत्रे स्वतःच घरी पोचवले.

साहेब दारातच उभे होते. भंगाराच्या टेम्पोतून उतरणारे पत्रे बघून म्हणाले, ‘हे तुमचेच कशावरून?’

मी नुसती ‘आमचेच, आमचेच’ म्हणत राहिले. सासूबाईंनी मात्र एक पत्रा उलटा केला.

‘ही काजळी बगा. इतक्या वर्सांची माज्या चुलीची हाय. आन् भोकं लावून बगा वरच्या अँगलला. चूक माजी झाली सायेब, इमा हिनं काढलाय. हिला न्हाय म्हनू नका.’

साहेबांनी काजळीवर बोट फिरवलं. शिडी मागवून भोकं जुळवली, फोटो काढले. मग म्हणाले, ‘बसतोय क्लेम. मी तसं लिहून देतो.’

मी सगळ्यांदेखत सासूबाईंना घट्ट मिठी मारली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, मिठी पहिलीच.

‘सोड की,’ त्या पुटपुटल्या, ‘सायेब बगत्यात.’ पण माझ्या पाठीवरचा हात त्यांनीही काढला नाही.